कोकणातल्या पडवीत बटरवर्ट: पहिल्यांदा लावणाऱ्यांसाठी

बटरवर्ट या कीटकभक्षी रोपाच्या पानाला बोट लावलं की लोण्याचं भांडं हाताळल्यासारखं ओशट लागतं. त्याचं शास्त्रीय नाव पिंग्विक्युला हे लॅटिनमधल्या चरबीच्या शब्दावरूनच आलंय. माझ्या सासूबाई त्याला सरळ ‘लोणीपान’ म्हणतात आणि आमच्या घरात आता तेच नाव रुळलंय.

आमचं कौलारू घर गुहागर तालुक्यात, समुद्रापासून जेमतेम एक किलोमीटरवर. पहिल्या दोन वर्षांत इथे माझी नऊ रोपं मेली. मी वाचून-वाचून करत होते, पण वाचलेलं सगळं थंड देशांसाठी किंवा फार तर बंगळुरू-पुण्याच्या हवेसाठी होतं. खारा वारा, चार महिने न वाळणारे कपडे आणि मे महिन्यात रात्रीही न उतरणारा उकाडा, हे त्यात कुठेच नव्हतं. आता माझ्याकडे तीसेक कुंड्या आहेत. तुमची पहिली नऊ रोपं वाचावीत म्हणून हे सगळं क्रमाने लिहितेय.

1. आधी हे रोप जगतं कसं ते बघा

कीटकभक्षी वनस्पती कोकणाला नव्या नाहीत. श्रावण-भाद्रपदात कुठल्याही सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर जा. कातळावर पाणी झिरपत असतं तिथे निळ्या-जांभळ्या बारीक फुलांचे पुंजके दिसतात, ती सीतेची आसवं, म्हणजे युट्रिक्युलेरिया. जवळच लालसर, केसाळ, थेंबांनी चमकणारं दवबिंदू, म्हणजे ड्रॉसेरा. बटरवर्ट आणि सीतेची आसवं एकाच कुळातली, लेंटिब्युलारिएसी कुळातली. ही सगळी रोपं किडे धरतात त्याचं कारणही एकच. ती जिथे उगवतात तिथल्या मातीत नत्र आणि स्फुरद जवळजवळ नसतं. अन्न ती इतर झाडांसारखं उजेडावरच तयार करतात. किड्यातून त्यांना मिळतं ते खत. हे डोक्यात पक्कं बसलं की निम्म्या चुका टळतात.

बटरवर्टला ना बरणी असते, ना जबडा. जमिनीलगत गुलाबाच्या पाकळ्यांसारखी मांडलेली साधी पानं. पण दहापट भिंगातून बघितलं की पानभर दोन तऱ्हेच्या ग्रंथी दिसतात. काहींना बारीक देठ असतो आणि टोकावर चिकाचा थेंब. या किड्याला धरतात. बाकीच्या पानाला चिकटून बसलेल्या; या पाचक रस सोडतात.

गेल्या भाद्रपदात एक चिलट पानावर बसलं तेव्हा मी योगायोगाने भिंग घेऊन समोरच होते. त्याने एक पाय उचलला, पायाबरोबर चिकाची तार ओढली गेली. तो सोडवायला दुसरा टेकवला, तोही अडकला. जितकी धडपड केली तितके नवे थेंब अंगाला लागत गेले. थोड्या वेळाने त्याच्याभोवती पान ओलसर दिसू लागलं, जणू तिथे पाण्याचा थेंब सांडलाय. दुसऱ्या दिवशी पानाची जवळची कड किंचित वर आली होती. चार दिवसांनी उरले ते पंख आणि पोकळ टरफल. पानाची कड अशी हळूहळू वळते हे चार्ल्स डार्विनने 1875 सालीच छापून ठेवलंय.

एका जागेवरच्या पाचक ग्रंथी एकदा रस सोडून रिकाम्या झाल्या की सहसा पुन्हा भरत नाहीत. म्हणून हे रोप मधून सारखी नवी पानं काढतं आणि जुनी खाली मरू देतं. खालची एक-दोन पानं तपकिरी झाली म्हणून घाबरू नका.

(या पानांचा आणखी एक जुना उपयोग आहे. स्वीडन-नॉर्वेकडे पूर्वी बटरवर्टची पानं घालून दूध घट्ट, तार धरणारं करत असत. आपण विरजण लावतो तसंच काहीसं. सासूबाईंना हे सांगितल्यापासून त्या लोणीपानाकडे जरा आदराने बघतात.)

2. जात निवडा, आणि इथेच बहुतेक जण फसतात

जगात बटरवर्टच्या शंभरच्या आसपास जाती आहेत. त्यातली अल्पिना आपल्या हिमालयातही सापडते. पण अल्पिना, व्हल्गॅरिस, ग्रँडिफ्लोरा या थंड प्रदेशातल्या जाती हिवाळ्यात मिटून कळीएवढ्या होतात आणि त्यांना खरी गोठवणारी थंडी लागते. किनाऱ्यावर त्या जगणार नाहीत. फोटो कितीही सुंदर असो, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

आपल्यासाठी आहेत मेक्सिकोच्या जाती. नकाशा उघडून बघा: रत्नागिरी आणि मेक्सिकोतलं वाहाका शहर दोन्ही साधारण 17 अंश उत्तर अक्षांशावर आहेत. तिकडेही पावसाळा आणि कोरडा काळ असे दोन सरळ भाग. वाहाका राज्यात मोरानेन्सिस, जायगँशिया, लाउएआना या जाती रानात वाढतात. त्या पावसाळ्यात रुंद चिकट पानं काढतात, आणि मोरानेन्सिससारख्या जाती कोरड्या काळात ती टाकून बारीक, जाडसर, बिनचिकट पानांचा घट्ट गड्डा करून झोपतात.

म्हणजे वर्षाचं चक्र आपल्याशी जुळतं. जुळत नाहीत त्या दोन गोष्टी. वाहाका शहर समुद्रसपाटीपासून 1500 मीटरवर आहे, तिथल्या रात्री गार असतात. आणि तिथे वर्षाला सरासरी 800 मिलिमीटरच्या आत पाऊस पडतो. रत्नागिरी जिल्ह्यात 3000 च्या वर. या लेखातली पुढची सगळी खटपट या दोन फरकांसाठी आहे.

पहिलं रोप म्हणून मोरानेन्सिस घ्या, किंवा ‘टीना’, ‘वेझर’, ‘सेथोस’ यांपैकी एखादं संकरित. संकरित रोपं जास्त सोशीक असतात. एस्सेरियाना चार-पाच सेंटिमीटरची, फार देखणी आणि खिडकीत मावणारी, पण ती दुसऱ्या वर्षी. जायगँशियाची पानं खालूनही चिकट असतात आणि रोप ताटलीएवढं होतं. तिचा मोह मला पहिल्याच वर्षी झाला होता, तो तुम्ही आवरा.

3. रोप मिळवणं, आणि लागणारे कागद

देशात मांसाहारी रोपं वाढवून विकणारे हौशी लोक आणि नर्सऱ्या आता बऱ्याच आहेत. त्यांच्याकडूनच घ्या. मागवण्याआधी तीन गोष्टी विचारा: तुमच्याच रोपाचा आजचा फोटो, जातीचं पूर्ण नाव, आणि रोप लॅबमध्ये बाटलीत वाढवलेलं असेल तर त्यातून बाहेर काढून किती महिने झाले. नुकतं बाटलीबाहेर आलेलं रोप आपल्या हवेत टिकत नाही. निदान चार-पाच महिने बाहेरच्या हवेत रुळलेलं मागा.

परदेशातून मागवायचं असेल तर प्लान्ट क्वारंटाइन ऑर्डर, 2003 प्रमाणे आधी आपल्याकडचा आयात परवाना आणि पाठवणाऱ्या देशाचं फायटोसॅनिटरी (रोपाला रोग-कीड नसल्याचं) प्रमाणपत्र, दोन्ही लागतात. बियांनाही हे नियम आहेत. ‘पाकिटात लपवून पाठवतो’ म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

बियांच्या पाकिटांपासूनही. मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून निळ्या फुलांच्या फोटोवाल्या पन्नास बिया घेतल्या. तीळाएवढ्या होत्या, तिथेच शंका यायला हवी होती. बटरवर्टचं बी धुळीसारखं बारीक असतं. उगवलं ते गवत.

आणि सड्यावरचं दवबिंदू किंवा सीतेची आसवं उपटून कुंडीत लावायचा विचार मनात आला असेल तर सोडून द्या. ती कातळावरच्या त्या पाण्याशिवाय जगत नाहीत, आणि सड्यांवर आधीच चिरेखाणींचा घाला आहे. तिथे फक्त बघायला जा.

मागवण्याचा काळ नोव्हेंबर ते जानेवारी. एप्रिल-मेमध्ये कुरिअरच्या बंद गाडीत रोप शिजून येतं.

सुरुवातीला लागणारं सामान:

- टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा; काही शे रुपयांत मिळतो, हा टाळू नका)
- पर्लाइट आणि व्हर्मिक्युलाइट (भाजून फुगवलेली हलकी खनिजं), धुतलेली सिलिका वाळू, थोडं पीट मॉस (दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ)
- तीन-चार इंची प्लास्टिकच्या कुंड्या आणि उथळ ताटल्या
- झाकणाचा पिंप आणि पातळ सुती फडकं
- भिंग, बारीक ब्रश, पेन्सिल, प्लास्टिकच्या नावपट्ट्या

4. पाणी

या रोपांना क्षार सोसत नाहीत. टीडीएस 50 च्या आत हवा.

आपल्याकडे याचं उत्तर आभाळातून पडतं. पहिल्या तीन-चार सरी कौलं धुऊन जाऊ द्या. मग पागोळ्यांखाली पिंप लावा आणि वरून फडकं बांधा. फडकं काढलंत तर आठवड्यात डासांच्या अळ्या होतात, आणि डेंग्यूचे डास असल्याच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतात. माझे दोनशे लिटरचे दोन पिंप पुढच्या पावसापर्यंत सहज पुरतात, कारण उरलेलं वर्ष रोपं फारच थोडं पाणी पितात. पत्र्याचं गंजलेलं छप्पर असेल तर त्यावरचं पाणी नको. मोकळ्या अंगणात पातेली मांडून धरा.

विहिरीच्या पाण्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण माझी पहिली चार रोपं त्यानेच गेली. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी बरेचदा खरंच हलकं असतं. पावसाळा संपता संपता आमच्या विहिरीचा टीडीएस 60 च्या आसपास होता, म्हणून मी निर्धास्त झाले. पण समुद्राजवळच्या विहिरी मार्चनंतर मचूळ होत जातात. जिभेला कळायच्या कितीतरी आधी रोपाला कळतं. एप्रिलमध्ये पानांच्या कडा काळ्या पडायला लागल्या तेव्हा मीटर घातला, तर आकडा 400 च्या पुढे. एकदा मोजून विसरू नका, दर महिन्याला मोजा. पावसाचं पाणी संपलं तर आरओचं किंवा एसीतून ठिबकणारं पाणी चालतं, तेही मोजूनच.

5. मिश्रण

इथे कोकणातल्या प्रत्येकाच्या मनात पहिलं नाव येतं ते कोकोपीटचं. नारळ दारात, सोडणं परड्यात पडलेली, भुसा फुकट. मीही तोच वापरला. सोडणाच्या भुशात मुळातच मीठ असतं, आणि काथ्यासाठी खाऱ्या पाण्यात कुजवलेली सोडणं असतील तर विचारूच नका. तीन रोपांची मुळं पंधरा दिवसांत तपकिरी झाली. बाजारात ‘धुतलेलं’ म्हणून मिळतं तेही मी मोजून पाहिलंय. नवख्याने त्याच्या नादी लागू नये.

समुद्राची पुळणही नको, कितीही धुतलीत तरी. तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो. शेणखत, गांडूळखत, लाल माती यांतलं काहीही नको.

माझं प्रमाण असं: दोन भाग पर्लाइट, एक भाग व्हर्मिक्युलाइट, एक भाग सिलिका वाळू, अर्धा भाग पीट. सिलिका वाळूसाठी कोकणवाल्यांना लांब जावं लागत नाही; कणकवलीजवळ कासार्डे भागात तिच्या खाणी आहेत, आणि पाणी गाळायच्या टाक्यांसाठी ती हार्डवेअरच्या दुकानांतही येते. साबुदाण्याच्या दाण्याएवढी घ्या, पिठासारखी नको.

पर्लाइट आधी ओलं करा, मग पिशवीतून काढा. त्याची धूळ छातीत जाते. सगळं मिसळून पावसाच्या पाण्यात रात्रभर भिजत घाला आणि सकाळी वरचं पाणी मोजा. आकडा 50 च्या वर असेल तर ओतून द्या, पुन्हा भिजवा. मला एकदा चार पाणी बदलावी लागली होती.

लावताना रोपाचा मधला भाग मिश्रणात पुरू नका. मुळं अगदी तोकडी असतात, रोप नुसतं टेकवल्यासारखं दिसतं. ते तसंच असतं.

6. जागा

पूर्वेची पडवी उत्तम. सकाळचं कोवळं ऊन, नंतर दिवसभर उजेड. पुरेसा उजेड मिळाला की बऱ्याच जातींची पानं गुलाबी झाक धरतात. लांबट, फिकट हिरवी झाली तर उजेड कमी पडतोय. पश्चिमेची बाजू टाळा. दुपारचं ऊन आणि समुद्रावरून येणारा खारा वारा, दोन्ही तिकडूनच.

छपराखालीच ठेवायचं, हे पुन्हा सांगते. ‘पावसाळी रोप आहे, पावसात ठेवू’ असं वाटतं. आपला पाऊस थेंबाने पानावरचा चीक धुऊन टाकतो आणि दोन दिवसांत रोपाचा लगदा करतो.

7. वर्षाचं चक्र

*मृगापासून गणपतीपर्यंत.* पाऊस लागला, हवा उतरली की ताटलीत अर्धा सेंटिमीटर पाणी घाला. ते आटू द्या, एक-दोन दिवस तसंच राहू द्या, मग पुन्हा. पाणी वरून ओतायचं नाही. रुंद पानं याच काळात येतात आणि चिलटंही याच काळात. धोका बुरशीचा असतो, आणि त्यावरचा उपाय वारा. मी छोटा टेबलपंखा सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास लावते, थेट रोपांवर नाही, बाजूच्या भिंतीवर. पंखा आल्यापासून कुजून मेलेलं रोप एकच, तेही लाइट चार दिवस गेली होती तेव्हाचं.

याच दिवसांत गोगलगाई येतात. रात्री बॅटरी घेऊन बघा. एक गोगलगाय एका रात्रीत अख्खं रोप संपवते. माझ्या कुंड्या पाण्याच्या परातीत उलट्या वाटीवर उभ्या असतात. त्याने मुंग्याही अडतात. मुंग्या पानावरचे किडे पळवतात आणि जाताना पिठ्या ढेकूण आणून सोडतात. ढेकूण दिसला तर ओल्या ब्रशने उचला. साबणाचं पाणी फवारू नका, पानं जळतात.

*ऑक्टोबर.* ऊन चटका देतं. कुंड्या एक फूट आत सरकवा. पाणी हळूहळू कमी करा.

*नोव्हेंबर ते फेब्रुवारी.* बाहेरची मोठी पानं एकेक करून वितळल्यासारखी होतात आणि मधे बारीक पानांचा गड्डा बांधला जातो. पहिल्या वर्षी मला वाटलं रोप मरतंय, म्हणून पाणी वाढवलं, आणि त्यानेच ते मेलं. आता पंधरा दिवसांतून एकदा, कुंडीच्या कडेने दोन चमचे. बस.

फुलंही बरेचदा याच काळात येतात. वीतभर सरळ दांडा, त्यावर एकच जांभळट-गुलाबी फूल, मागे लांब शेपटी. फूल पानांपासून इतकं वर असतं की परागीभवनाला येणारा किडा खाली चिकटत नाही. एकेक फूल दोन-तीन आठवडे टिकतं.

*मार्च ते मे.* हे तीन महिने मला सगळ्यात उशिरा कळले. पूर्वी मी मार्चमध्ये पाणी सुरू करायचे. रोप जागं व्हायचं, मोठी कोवळी पानं काढायचं, आणि मेच्या उकाड्यात तीच पानं आधी सडायची. झोपलेलं रोप मे सोसतं, जागं झालेलं सोसत नाही. म्हणून आता पाणी तसंच कमी ठेवते आणि कुंड्या घरातल्या सारवलेल्या खोलीत, उत्तरेच्या खिडकीशी, जमिनीवर ठेवते. एखादं हट्टी रोप उकाड्यानेच जागं होतं. त्याला किंचित ओल ठेवा, पण ताटलीत पाणी नको. बाकीच्यांना मृगाची वाट बघू द्या. तिकडे वाहाकातही पाऊस साधारण तेव्हाच लागतो.

8. खाऊ

पडवीतलं रोप आपलं आपण पकडतं. चिलटं, घुंगुरटी, कुंडीतल्या मातीवर उडणाऱ्या बारीक माश्या. डास कमी होतील या आशेने लावू नका, डास त्यावर क्वचितच चिकटतात.

बंद खिडकीत असेल तर पावसाळ्यात महिन्यातून एकदा, माशांच्या टाकीसाठी मिळणारे सुके ब्लडवर्म चुरून, टूथपिकच्या टोकावर मावेल एवढी चिमूट दोन-तीन पानांवर. मांसाचा तुकडा, अंडं, दूध यांतलं काही नाही. आणि सुकट तर मुळीच नाही. घरात जवळा होता, म्हटलं किडाच तो; कुटून घातला. त्यातल्या मिठाने तीन पानं दुसऱ्या दिवशी काळी.

झोपेच्या काळात खाऊ बंद. त्या पानांना पचवायचं काही येत नाही, वर फक्त बुरशी धरते.

9. एका पानापासून रोप

आंब्याला मोहोर दिसू लागला की ही वेळ. गड्ड्याचं बाहेरचं एक जाडसर पान दोन बोटांत धरून कडेला हलकेच ओढा. ते तळाच्या पांढऱ्या टोकासकट सुटलं पाहिजे. तुटलेल्या अर्ध्या पानाला सहसा काही येत नाही. एका गड्ड्यातून चार-पाचपेक्षा जास्त काढू नका.

ही पानं ओलसर मिश्रणावर आडवी मांडा, पांढरं टोक मिश्रणाला टेकेल अशी. वर पारदर्शक डबी उपडी घाला, रोज पाच मिनिटं काढून हवा द्या. तीन ते सहा आठवड्यांत टोकाशी मोहरीएवढे हिरवे ठिपके येतात. जुनं पान आपोआप सुकेपर्यंत ओढून काढू नका. बाळ तोवर त्याच्यावरच जगत असतं. ही पिल्लं झोपेत नसतात, म्हणून त्यांना उन्हाळाभर ओल लागते. ती मोठ्या रोपांपासून वेगळी ठेवा, नाहीतर एकाच हाताने सगळ्यांना पाणी जातं.

पाच-सहा पानं झाली की पाऊस लागल्यावर स्वतंत्र कुंडीत हलवा. बोटांनी नाही, ओल्या ब्रशवर उचलून. नावपट्टीवर जात आणि तारीख पेन्सिलने लिहा. मार्करची शाई आपल्या पावसाळ्यात ऑगस्टपर्यंतही टिकत नाही.